कळलं ना, मग झालं?

इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर उभी नोकरी केलेल्या माणसाची नजर कामातून जाते. चष्म्याचा नंबर वाढतो तो वेगळा. मी म्हणतोय ती खोड निराळी. लग्नपत्रिका असो, दवाखान्याची पाटी असो, सोसायटीची नोटीस असो, आधी चूक दिसते आणि मजकूर मागाहून. वह्या-पेनांच्या दुकानावरच्या 'स्टेशनरी'त 'ई'च्या जागी 'ए' पडला असेल, तर माझ्या लेखी त्या पाटीचा अर्थ 'जागचं न हलणारं दुकान' एवढाच होतो, आणि तो मी बायकोला ऐकवल्याशिवाय राहत नाही. घरच्यांना याचा वीट आलाय.

माझी भाची विमा कंपनीत आहे. दिवसभर ईमेल लिहिणं हेच काम. तिच्या एका मेलमध्ये पॉलिसीधारक हक्क गमावेल असं म्हणायचं होतं, तिथे एक 'ओ' जादा पडून हक्क नुसता सैल झाला होता. मी बोट ठेवलं. ती म्हणाली, "मामा, समोरच्याला कळलं ना? मग झालं."

याला उत्तर देणं वाटतं तितकं सोपं नाही. शब्दाचं काम अर्थ पोचवणं. अर्थ पोचला. मग बिघडलं ते काय? कुणाचंच नुकसान झालं नसेल, तर लाल पेन हातात धरून मी इतकी वर्षं नेमकं काय राखत बसलो होतो?

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात व्याकरणकार पतंजलीपुढे हाच प्रश्न होता. महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, पस्पशात, तो गाईचं उदाहरण घेतो. 'गौः' हा शुद्ध शब्द. लोक मात्र गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असं काय वाटेल ते म्हणतात. यातलं काहीही म्हटलं तरी ऐकणाऱ्याला गाय कळते. पतंजली हे लपवत नाही. शुद्ध शब्दाने अर्थ कळतो तसाच अपशब्दानेही कळतो, हे तो मोकळेपणी कबूल करतो. म्हणजे भाचीचा मुद्दा त्याने दोन हजार वर्षांपूर्वीच देऊन टाकलाय. तरीही शुद्धच बोलावं, असं तो म्हणतो, कारण त्यात धर्म आहे. भूक काहीही खाल्लं तरी भागते, म्हणून भक्ष्य-अभक्ष्याचा नियम कुणी सोडत नाही. तसाच हा नियम.

डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्नने महाभाष्य १८८० ते १८८५ या काळात मुंबईत छापून काढलं. मी वाचलं ते वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या मराठी भाषांतरातून, आणि या जागी थबकलो. मला ती पळवाट वाटली. अर्थाच्या आखाड्यात हरलेला माणूस धर्माच्या आडोशाला जातो, तसं. शिवाय अडचण आपल्या घरचीच आहे. आपली 'गाय' ही त्या 'गावी'च्याच वंशातली. पतंजलीच्या मापाने मोजलं तर अख्खी मराठी चुकलेल्या शब्दांचीच बनलेली निघेल, आणि त्याच चुकलेल्या शब्दांत ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता सांगितली. त्याने कुणाचं पुण्य घटल्याचं ऐकिवात नाही.

पतंजली भीतीही घालतो. असुरांनी शत्रूला हाक मारताना 'र'च्या जागी 'ल' उच्चारला, 'हेऽरयः'चं 'हेलयः' केलं आणि ते हरले. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला, समास फिरला आणि इंद्राच्या हातून मरणारा पुत्र झाला. एका आघाताने मारणारा मरणारा झाला. इंग्रजीतही आघाताने अर्थ फिरतो: 'डेझर्ट'मध्ये जोर पहिल्या अवयवावर दिला तर वाळवंट, दुसऱ्यावर दिला तर जेवणानंतरचं गोड. कुणाचं राज्य मात्र त्यापायी गेलेलं नाही. फार तर वेटर हसतो.

तर इंग्रजीत असा नियम घालून देणारा कोण? तिथे पाणिनी नाही. फ्रेंचांची अकादमी १६३५ पासून आहे, इंग्रजांनी तेवढंही केलं नाही. ज्याला हुक्की आली त्याने नियम केले. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ या धर्मोपदेशकाने एक छोटं व्याकरण लिहिलं. हाच पुढे लंडनचा बिशप झाला. तळटीपांत त्याने शेक्सपिअरच्या चुका काढल्या, मिल्टनच्या काढल्या आणि इंग्रजी बायबलच्याही काढल्या. देवाच्या वचनाचं प्रूफ तपासणारा बिशप! आमच्या धंद्याला याहून मोठा आधार नको.

आठ वर्षांनी, १७७० मध्ये, रॉबर्ट बेकर नावाच्या एकाने लिहिलं की मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लेस'पेक्षा 'फ्यूअर' बरा वाटतो. बरा वाटतो, इतकंच. त्याची ती आवड होती, आणि आल्फ्रेड राजाच्या काळापासून इंग्रज लोक मोजता येणाऱ्या गोष्टींनाही 'लेस' लावत आले होते. पण पुढच्या दोन शतकांत मास्तरांनी त्या आवडीचा कायदा केला. पाणी, वेळ, दूध यांना 'लेस'. माणसं, पेले, चुका यांना 'फ्यूअर'. ब्रिटनमध्ये टेस्कोच्या दुकानांत दहापर्यंत वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवर 'लेस' लिहिलं होतं. त्यावरून इतकी कुरबुर झाली की २००८ मध्ये त्यांनी पाटीची शब्दरचनाच बदलली. ते जुनं वाक्य वाचून रांगेत चुकलेला एक तरी गिऱ्हाईक असेल का? इथे भाचीचंच खरं. कळलं ना, मग झालं.

पतंजलीलाही ही खोड ठाऊक होती, आणि तिची थट्टा करायला तो डरत नाही. महाभाष्यात एक वैयाकरण रथाजवळ जाऊन विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथी म्हणतो, मी या रथाचा 'प्राजिता'. वैयाकरण म्हणतो, अपशब्द! सारथी त्याला शांतपणे सांगतो की महाराज, तुम्हाला नियम कुठे लागतो ते ठाऊक आहे, लोकांना काय इष्ट आहे ते ठाऊक नाही. रूढ शब्द हाच आहे. वैयाकरण चिडून त्याला शिवी देतो, तर ती शिवीसुद्धा व्याकरणात चुकते आणि सारथीच ती दुरुस्त करून देतो. व्याकरणाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथात व्याकरण्याची फजिती आहे. इंग्रजी शब्दांची शुद्धाशुद्धता सांगणाऱ्या पुस्तकांत मला इतकं मोठं मन क्वचित दिसलं.

आता जरा खाजगी. मी कराडच्या मराठी शाळेतला. इंग्रजी आधी डोळ्यांनी शिकलो, कानांनी फार उशिरा. त्यामुळे एक मजा झाली. डेस्कवरची कॉन्व्हेंटची मुलं माझ्या उच्चारांना हसायची, पण 'त्यांचं' आणि 'तिथे' या दोन अर्थांच्या 'देअर'मध्ये गोंधळ त्यांचाच व्हायचा. 'युअर' आणि 'यू आर'चं आखूड रूप यांतही तेच. त्यांच्या कानात शब्द आधी पडलेला, अक्षरं मागून आलेली. आमच्याकडे अक्षरंच आधी. ज्या चुका अस्सल इंग्रज करतो त्या आम्ही करत नाही आणि आमच्या त्याच्या स्वप्नातही येत नाहीत. 'प्रिन्सिपल'चंच घ्या. शेवटी 'ए-एल' असेल तर मुख्य, म्हणून मुख्याध्यापक आणि कर्जाचं मुद्दल. शेवटी 'एल-ई' असेल तर तत्त्व. देवनागरीत लिहिलं की दोन्ही एकच. जी चूक कानाला ऐकूच येत नाही, ती भाषेतली चूक की फक्त शाईतली? पतंजलीला हा प्रकारच कळला नसता. त्याचा अपशब्द निदान ऐकू तरी यायचा.

या शाईतल्या चुकांवरून माणसं माणसांना जोखतात. अर्जात एक 'अफेक्ट' 'इफेक्ट'च्या जागी बसला की अर्ज बाजूला. परिणाम करणं हे क्रियापद बहुतेक वेळा 'ए'ने सुरू होतं आणि परिणाम हे नाम 'ई'ने, एवढाच तो मामला. पण त्यावरून उमेदवाराचा बाप काय शिकलेला असेल याचा अंदाज बांधला जातो. आपल्याकडे 'पानी' म्हणणाऱ्याकडे 'पाणी' म्हणणारा ज्या नजरेने बघतो, तीच ही नजर. त्यात ज्ञान कमी आणि सोवळं जास्त. पंक्तीत कुणाला बसवायचं हे ठरवायला 'न' आणि 'ण' वापरले गेले, तसेच साहेबाच्या भाषेचे जुळे शब्द वापरले जातात. अशा शुद्धतेला धर्म म्हणायला मी तयार नाही.

मग सगळंच सोडून द्यायचं का? इथे मला आमचे चीफ सब आठवतात. बार्देशचे, गोव्याचे, पक्के कॅथलिक. दर रविवारी रात्रीच्या शिफ्टला येण्याआधी मास चुकवायचे नाहीत. त्यांच्यापुढे दोन लेखण्या असत, एक शिसपेन्सिल आणि एक लाल बॉलपेन. कॉपी तपासताना काही चुका पेन्सिलीने दुरुस्त होत, काही लाल पेनने, आणि लाल पेन उचललं गेलं की वार्ताहराला टेबलाशी बोलावणं यायचं. सुरुवातीला मला वाटे की मोठी चूक लाल, लहान चूक पेन्सिल. तसं नव्हतं. एकदा एका पोराने एकाच बातमीत सात-आठ स्पेलिंगं मारली होती, ती सगळी पेन्सिलीने गेली. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, ही व्हीनिअल. लाल आहे ते मॉर्टलला."

कॅथलिक पंथात पापाचे असे दोन वर्ग आहेत. मॉर्टल म्हणजे आत्म्याचा घात करणारं, आणि व्हीनिअल म्हणजे हलकं, क्षम्य. पाप मॉर्टल ठरायला तीन अटी लागतात: बाब गंभीर हवी, करणाऱ्याला ती पुरती ठाऊक हवी, आणि त्याने ती स्वतःच्या इच्छेने केलेली हवी. तिन्हींतली एक जरी ढिली पडली तरी पाप मॉर्टल राहत नाही. जाता जाता: या 'व्हीनिअल'चाही एक जुळा आहे, 'व्हीनल'. पहिला लॅटिनमधल्या क्षमेवरून आलेला, दुसरा विक्रीवरून. व्हीनल म्हणजे पैशाने विकत घेता येणारा, लाचखाऊ. योहान टेट्झेल जर्मनीत पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन देत फिरत होता, त्यावर १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले. क्षमा आणि विक्री यांतला गोंधळ तेव्हा शब्दकोशात नव्हता, बाजारात होता. युरोपचा धर्म दुभंगला तो त्या गोंधळावर.

चीफ आम्हाला बायबलमधलंही एक कोडं घालायचे. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात येशू शास्त्री आणि परूशी यांना झोडपतो, की चिलट गाळत बसता आणि उंट गिळून टाकता. टिंडेलच्या जुन्या भाषांतरात 'गाळून काढणं' या अर्थाचा 'आउट' होता. १६११च्या अधिकृत भाषांतरात त्या जागी 'अ‍ॅट' आला आणि वाचणाऱ्याला वाटू लागलं की चिलट बघून घशात घास अडकतो. तो छापखान्याचा दोष की त्या काळची रूढी, यावर पंडित भांडतात. क्षुल्लकात अडकू नका असं सांगणारं वाक्य, आणि लोक त्याच्याच एका क्षुल्लक अव्ययात अडकलेत. चीफना हे फार आवडायचं. उंट कुठे आहे ते बघ, म्हणायचे, चिलटाला पेन्सिल पुरते.

उंट कसा दिसतो ते त्यांच्याच टेबलावर पाहिलं. एका मंत्र्यावर जमिनीच्या व्यवहारावरून आरोप झाले होते. रात्री उशिरा बातमी आली, पान सुटायला थोडाच वेळ. पहिल्याच वाक्यात होतं की मंत्र्यांनी सर्व आरोप 'रिफ्यूट' केले. भाषा निर्दोष, एकही स्पेलिंग चुकलेलं नाही. चीफनी लाल पेन उचललं, तो शब्द खोडून 'डिनाय' लिहिलं आणि वार्ताहराला विचारलं, "कागद दाखवले त्यांनी?" नव्हते दाखवले. पत्रकार परिषदेत नुसतं नाही म्हणाले होते. हा शब्द तुला सुचला की कुणी दिला, हा दुसरा प्रश्न. शब्द मंत्र्यांच्या कार्यालयाने वाटलेल्या प्रसिद्धीपत्रकातून जसाच्या तसा उचललेला होता.

'डिनाय' म्हणजे आरोप नाकारणं. त्याला तोंड पुरतं. 'रिफ्यूट' म्हणजे आरोप खोटा आहे हे पुराव्याने दाखवणं. मराठी वार्ताहर इथे सहसा चुकत नाही: आरोप 'फेटाळले' आणि आरोप 'खोडून काढले' यांतलं अंतर त्याच्या जिभेला माहीत असतं. इंग्रजीत हे दोन शब्द इतके सरमिसळ झालेत की आताचे कोशही 'रिफ्यूट'खाली नुसतं नाकारण्याचा अर्थ नोंदवतात. कोशांचं बरोबर आहे, लोक जे बोलतात ते त्यांनी नोंदवायचं. पण त्या रात्री तो शब्द तसाच छापला असता तर आम्ही, एका वर्तमानपत्राने, मंत्र्याला निर्दोष असल्याचा दाखला दिला असता, तोही स्वतःच्या नकळत. पत्रक लिहिणाऱ्याच्या मात्र ते नकळत नव्हतं. कोणता शब्द ठेवला की वाचणारा काय समजेल हे त्याला पुरतं ठाऊक होतं. बाब गंभीर, पुरतं ज्ञान, स्वतःची इच्छा. तिन्ही अटी भरल्या.

चीफचे ते दोन प्रश्न मी पुढे स्वतः विचारत आलो, आणि माझं मत तिथेच बनलं. शब्दांत गोंधळ करणारा दोषी नसतो. गोंधळ कुठे आहे ते ओळखून त्यात आपली नाव वल्हवणारा दोषी असतो. भाचीचा सैल झालेला हक्क पेन्सिलीचा. उद्या तिच्याच कंपनीने मुद्दाम संदिग्ध शब्द ठेवून कुणाचा दावा नाकारला तर तो लाल.

'इम्प्लाय' आणि 'इन्फर' ही जोडी याच कुळातली. बोलणारा सुचवतो ते 'इम्प्लाय', ऐकणारा त्यातून अर्थ काढतो तो 'इन्फर'. दोघांची अदलाबदल सर्रास होते. पण प्रश्न जबाबदारीचा असतो तेव्हा कोण कोणत्या बाजूला उभा होता हे सांगावंच लागतं. युधिष्ठिराने द्रोणांना सांगितलं की अश्वत्थामा मारला गेला, आणि तो हत्ती असल्याचं पुटपुटला. त्याने सुचवलं, द्रोणांनी अर्थ काढला. आजचा एखादा वकील म्हणेल की माझ्या अशिलाच्या वाक्यात असत्य काहीच नव्हतं, द्रोणांनी भलता निष्कर्ष काढला त्याला तो काय करणार! महाभारताने हा युक्तिवाद ऐकून घेतला नाही. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी खाली टेकला. वाक्यातला प्रत्येक शब्द बरोबर असूनही.

हे लक्षात आल्यावर मी पस्पशाह्निक पुन्हा काढलं, आणि पहिल्या वाचनात जी गोष्ट नुसती गमतीची म्हणून सोडून दिली होती ती वेगळी दिसू लागली. काही ऋषी होते, मोठे ज्ञानी. रोजच्या बोलण्यात 'यद्वा नः, तद्वा नः' म्हणायचं तिथे ते बिनधास्त 'यर्वाणः, तर्वाणः' म्हणत. लोकांनी त्यांचं नावच ते पाडलं. पण यज्ञाला बसले की ते कधी अपशब्द बोलत नसत. असुर यज्ञातही तसंच बोलले, म्हणून बुडाले. पतंजलीच्या धर्माची हद्द इतकी आखीव आहे. चोवीस तास जीभ सोवळ्यात ठेवा असं तो सांगत नाही. जिथे शब्दाने काही घडतं, बंधन पडतं, फळ ठरतं, तिथे शब्द जपा. आपल्याकडे ते यज्ञ आता फारसे होत नाहीत, पण न्यायालयातली साक्ष आहे, खरेदीखत आहे, शस्त्रक्रियेआधी सही करायचा फॉर्म आहे, विम्याची पॉलिसी आहे, आणि पहिल्या पानावरची बातमी होती. पळवाट म्हणून ज्याला मी हसलो होतो, ती खरी तर हद्दीची खूण होती. व्हॉट्सॅपवर खुशाल यर्वाणः तर्वाणः करावं.

एक जोडी मात्र या हिशेबात नीट बसत नाही आणि मला अजून छळते. 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड'. पहिल्याचा अर्थ ज्याचा स्वतःचा स्वार्थ त्यात गुंतलेला नाही असा, म्हणून निःपक्षपाती. दुसऱ्याचा अर्थ ज्याला गोडीच नाही असा. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा हवा. दुसऱ्या प्रकारचा मिळाला तर तो साक्ष चालू असताना डुलक्या घेईल. आता सगळे दुसऱ्या अर्थाने पहिला शब्द वापरतात, आणि शुद्धतावादी कपाळाला हात लावतात की काय हा ऱ्हास. गंमत अशी की हा ऱ्हास जुना आहे. कवी आणि सेंट पॉल्स कॅथिड्रलचा डीन जॉन डन सतराव्या शतकाच्या आरंभी 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द बेफिकीर याच अर्थाने वापरतो, आणि त्याच शतकात 'अनइंटरेस्टेड'चा अर्थ निःपक्षपाती असा होता. दोघांनी मधल्या काळात घरं बदलली आणि आता पुन्हा सामान हलवतायत.

हे वाचून इंग्रजांना हसायचं कारण नाही. आपला 'उदासीन' बघा. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत हा शब्द येतो, आणि तोही 'दक्ष'च्या मांडीला मांडी लावून. नवव्यात भगवान स्वतःबद्दल सांगतात की कर्मं करूनही मी उदासीनासारखा असतो. सहाव्या अध्यायातल्या 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' यांत शंकराचार्य फरक करतात: उदासीन कुणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ भांडणाऱ्या दोघांचंही हित बघतो. किती बारीक आणि कामाचा भेद! आणि आज सकाळी पेपर उघडला तर बातमी काय: रस्त्यांबाबत प्रशासन उदासीन. खड्डे न बुजवणाऱ्याला आपण गीतेतल्या भक्ताची पदवी देऊन मोकळे झालो. तुकोबांनी चांगल्या व्यवहाराने पैसा मिळवावा आणि तो उदासपणे खर्चावा असं सांगितलंय. आजच्या कॉलेजातल्या मुलाला वाटेल, बिल भरताना चेहरा पाडून भरायचं.

इथे कुणाचं पाप नाही. पत्रक काढून कुणी हा शब्द फिरवला नाही. रस घेणं आणि आसक्त असणं यांत फरक करणं माणसाला जड जातं, म्हणून शब्द घसरत राहतो. इंग्रजीत घसरला, मराठीत घसरला, एकाला दुसऱ्याची लागण न होता. जो गुंतलेला नाही त्याला काळजीही नसणार, असं आपण धरूनच चालतो. दक्षही आणि उदासीनही असा माणूस भेटत नाही, म्हणून त्याच्यासाठीचा शब्द टिकत नाही, की शब्द टिकला नाही म्हणून तो माणूस आपल्याला ओळखू येत नाही? मला पहिलं जास्त खरं वाटतं. शब्द गेला तरी कल्पना मरत नाही, 'निःपक्षपाती' आहे, 'अलिप्त' आहे. पण त्या दोन्हींत दक्षता नाही, एक कोरडा आहे आणि दुसरा लांब उभा आहे. म्हणून डेस्कवर असताना 'डिसइंटरेस्टेड' मी पंचांना, लवादांना आणि न्यायाधीशांनाच लावू द्यायचो. लाल पेनने नाही. पेन्सिलीने, पण जरा दाबून.

ज्या पुस्तकाच्या आधाराने आम्ही हे सगळं करायचो ते हेन्री वॉटसन फाउलरचं, १९२६ मध्ये निघालेलं 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज'. आमच्या टेबलावरच्या प्रतीचा कणा चिकटपट्टीने बांधलेला होता. लोकांना वाटतं असला माणूस रुक्ष, खडूस असणार. फाउलर आधी उत्तर इंग्लंडातल्या सेडबर्ग शाळेत लॅटिन, ग्रीक आणि इंग्रजी शिकवायचा. १८९९ मध्ये त्याला हाउसमास्तरची जागा देऊ केली होती. त्या जागेवरच्या माणसाने आपल्या वसतिगृहातल्या मुलांची कन्फर्मेशनसाठी तयारी करून घ्यायची, म्हणजे चर्चची श्रद्धा आपण स्वतः स्वीकारतो असं मुलं जाहीर करतात त्या विधीची. फाउलरचा देवावर विश्वास नव्हता. बहुतेकांनी हे सहज निभावलं असतं. प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची, पगार घ्यायचा, मुलांना काय कळणार आहे. फाउलर नाही म्हणाला, आणि चाळिशी उलटलेली असताना शाळाच सोडून लंडनला लेख लिहून पोट भरायला गेला. पुढे ग्वर्नसी बेटावर भावाच्या शेजारी घर करून राहिला आणि दोघांनी मिळून कोशांचं काम केलं.

ही हकीकत मी चीफना सांगितली तेव्हा मला वाटलं होतं, नास्तिक म्हटल्यावर ते नाक मुरडतील. ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, ज्याला पटत नाही त्याने ते शब्द मुलांच्या तोंडी घालायचे, हे मॉर्टल झालं असतं. बरं केलं गेला ते. एवढं बोलून त्यांनी पुढची कॉपी ओढली. दिल्लीची बातमी होती, राष्ट्रपतींनी कुठल्याशा विधेयकाला संमती दिल्याची. वार्ताहराने संमतीच्या जागी चढण लिहिली होती. कानाला दोन्ही 'असेंट'च. चीफनी पेन्सिल उचलली.